मालकाचा शब्द

रविवारी सकाळी साडेदहाला ताईला स्वयंपाकघरात कोंडण्यात आलं. कोंडलं म्हणजे दाराला कडी घातली असं नव्हे. ज्या घराने तीन पिढ्या कुलपं विकून पोट भरलं, त्या घरात माणूस कोंडायला कडी लागत नाही, मोठ्या भावाचा चेहरा पुरतो.

"दोन तास," दादा म्हणाला. "फक्त दोन तास तू सरबताकडे बघ. साहेबांसमोर यायचं नाही आणि तो कागद काढायचा नाही."

"कुठला कागद?"

"कमरेला खोचलायस तो. चिमे, मी तुला काही आजच ओळखत नाही. पन्नास वर्षं झाली."

"बावन्न," ताई म्हणाली आणि लिंबू चिरायला घेतलं.

वाटणीच्या वर्षी या घरात मोठं रामायण झालं. खालचं जुनं दुकान दादाला गेलं, पलीकडच्या रस्त्यावरचा गाळा धाकट्याला मिळाला, आणि ताईच्या वाट्याला वरची खोली आणि मान आला. त्यातली खोली तिने वापरली. दादा जुन्या वळणाचा, कानस, पितळ आणि तेल यांत रमणारा. धाकट्याकडे बोटाच्या ठशावर उघडणारी कुलपं. दोघे भाऊ एका टेबलावर जेवत, पण एकमेकांच्या धंद्याबद्दल चकार शब्द काढत नसत. एकाने काढलाच तर दुसरा ताट घेऊन उठे. ताईचा दोघांवर सारखाच जीव होता आणि दोघेही तिला सारखेच मूर्ख वाटत.

खरं तर वडिलांचा, अप्पांचा, हात उतरला होता तो तिच्यात. कुलपात तार सरकवून, डोळे मिटून, आतला खटका बोटाने ऐकणारी ती एकटीच. म्हणून अप्पा तिला चिमटी म्हणायचे, आणि तेवढ्यावरून ती भावांची चिमी झाली. पण दुकानाच्या पाटीवर 'आणि पुत्र' असं आधीच रंगवून झालं होतं आणि अप्पांना पाटी बदलायचा कंटाळा आला. ताईने शाळेत कारकुनी धरली, आणि उरलेल्या वेळात गावाची भांडणं.

सध्याचं भांडण बाजाराचं होतं. भाजीबाजाराच्या मागे बायकांसाठी नवं स्वच्छतागृह बांधून तीन वर्षं झाली होती. आत फरशी होती, नळ होते, आरसासुद्धा होता. बाहेर कुलूप होतं. का, तर उद्घाटन व्हायचं राहिलंय. दीडशे बायका पहाटे पाचला टोपल्या मांडायच्या आणि दुपारी तीनला उठायच्या. मधल्या दहा तासांवर त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला होता, पाणीच प्यायचं नाही. गेल्या आठवड्यात पालेभाजीवालीला दवाखान्यात भरती करावी लागली. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिता. ती म्हणाली, घरी गेल्यावर पिते की.

ताईने कार्यालयाच्या एकोणीस खेपा घातल्या होत्या. बायका तिला म्हणायच्या, "ताई, अख्ख्या गावाच्या किल्ल्या तुमच्या घरात घासल्या जातात. आमचं एवढं एक उघडता येईना तुम्हाला?" आता, ते कुलूप उघडायला ताईला चार मिनिटं लागली असती. दादाच्याच दुकानातलं होतं ते, लांबूनसुद्धा तिला ओळखू यायचं. पण विकलेलं कुलूप ज्याने घेतलं त्याचं. अप्पांनी पोरांना दोनच नियम घालून दिले होते. मालकाच्या शब्दाशिवाय कुलपाला हात लावायचा नाही, आणि अडलेल्या माणसाशी सौदा करायचा नाही. या दोन नियमांच्या जोरावर गाव आपली घरं यांच्या हवाली करून बिनघोर परगावी जायचं. म्हणून ताई त्या गल्लीतून जाताना हात पदरात गुंडाळून जायची.

आणि आज त्या कुलपाचा मालक त्यांच्याच दिवाणखान्यात येणार होता. पालिकेत बाजाराचं खातं सांभाळलेला हा माणूस आता वरच्या खुर्चीसाठी उभा होता, आणि त्याच्या प्रचाराला निधी जमवायचा म्हणून दादाने गावातले बारा वजनदार लोक घरी बोलावले होते. दादाच्या मनात काय होतं ते घरातल्या मांजरालाही माहीत होतं. शंभर शाळांना नवी कुलपं बसायची होती.

साहेब अकराला आले. सकाळपासूनचा हा त्यांचा चौथा कार्यक्रम. बोलून बोलून घसा कोरडा पडला होता. वहिनींनी सरबताचा पहिला पेला पुढे केला, तो त्यांनी उभ्या उभ्या संपवला. दुसरा बसून संपवला. तिसरा सिमेंटवाल्यांनी आपलं गाऱ्हाणं सांगितलं तेव्हा संपवला, कारण ते फार लांबलं. चौथा पेला घेऊन वहिनी निघाल्या तेव्हा ताईने त्यांना दारात अडवलं.

"वहिनी, माझा कागद ट्रेखाली धरून न्याल का? नुसता समोर ठेवायचा."

"वन्सं, तुमचे दादा मला घराबाहेर काढतील."

"काढू देत. माझ्या खोलीत या."

वहिनींना हसू आवरेना. मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी बाजाराच्या दिवशी सकाळचा चहा पीत नाही, माहितीये का तुम्हाला?"

"मला वाटलं तुम्हाला पित्ताचा त्रास आहे."

"तसं मीच सांगते सगळ्यांना." एवढं बोलून त्या गेल्या. पण कागद मात्र त्यांनी नेला नाही.

पाचव्या पेल्यानंतर साहेब दादाच्या कानाशी लागले. दादा अदबीने उठला, त्यांना पॅसेजच्या टोकाच्या बाथरूमपर्यंत पोचवून आला आणि दातांच्या डॉक्टरांशी शाळांच्या दारांबद्दल बोलत बसला. पाच मिनिटं गेली. दहा गेली. साहेबांचा सचिव, ज्याला सगळे डायरीवाला म्हणत, घड्याळ बघू लागला. मग तो उठून गेला, दारावर टकटक केली आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"दार उघडत नाहीये म्हणतात."

त्याचं असं झालं होतं. त्या दारात अप्पांच्या हातचं जुनं पितळी कुलूप होतं. साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी दुपारी दादाने गुपचूप त्याची चौकटीच्या खाचेत शिरणारी जीभ काढून चांगली लांब, जाड, नवी जीभ बसवली. दाराने कसं ठणकावून बंद व्हावं. आणि साहेब येणार म्हणून त्याच संध्याकाळी धाकट्याने गुपचूप त्या दाराला आतून आपल्याकडचा नवा दाबाचा खटका बसवला. दाराने कसं अलगद बंद व्हावं. एकमेकांना सांगायचा प्रश्नच नव्हता, सांगितलं असतं तर ताटं उचलावी लागली असती. आता खटका दाराला चौकटीशी घट्ट ओढून धरत होता, आणि दार घट्ट ओढलं गेल्यामुळे ती लांब जीभ खाचेत रुतून बसली होती. जीभ हलल्याशिवाय खटका सुटेना आणि खटका सुटल्याशिवाय जीभ हलेना.

ताई कानोसा घेत स्वयंपाकघराच्या दारात आली. पॅसेजमध्ये दोघे भाऊ दबक्या आवाजात एकमेकांच्या अंगावर जात होते.

"हे काय लावलंस तू दाराला? खेळणं?"

"खेळणं नाही, परदेशी माल आहे. तुझी ती फूटभर जीभ कुणी सांगितली होती बसवायला?"

"अप्पांच्या कुलपाला नावं ठेवू नकोस."

"अप्पांचं कुलूप चाळीस वर्षं नीट चाललं. बिघडलं काल."

डायरीवाला मधे पडला. "अहो, दार फोडा सरळ. पुढचा कार्यक्रम साडेबाराला आहे."

हे ऐकल्यावर मात्र दोघांचं एकमत झालं, वाटणीनंतर पहिल्यांदाच. कुलूपवाल्याच्या घरात दार फोडलं, आणि तेही गावच्या बारा वजनदार लोकांसमोर, तर उद्या दुकानात साधी कडी घ्यायला कुत्रं फिरकणार नाही. दादाने कपाळाचा घाम पुसला. दिवाणखान्यातून सिमेंटवाल्यांनी विचारलं, सगळं ठीक आहे ना, आणि दादाने ओरडून सांगितलं की साहेब जरा फोनवर आहेत. साहेबांचा फोन डायरीवाल्याच्या हातात होता आणि तेवढ्यात तो वाजला.

तेव्हा वहिनी पुढे झाल्या. त्यांनी दोघा भावांकडे असं पाहिलं की दोघे भिंतीला लागले. मग त्या वळून ताईला म्हणाल्या, "वन्सं, हात धुवा आणि या."

"मला बाहेर यायची बंदी आहे."

"अहो, बंदी उठवा," वहिनी दादाला म्हणाल्या.

दादाने मान खाली घातली. "ये, चिमे."

ताईने हात धुतले, पदर खोचला आणि वरच्या खोलीतून आपली तारेची पुडी आणली. दारासमोर पाट ठेवून ती बसली, एक तार कुलपात सरकवली, दुसरी दाराच्या फटीत. डोळे मिटले. आत साहेब दार ओढत होते.

"साहेब, दाराला हात लावू नका. तुम्ही ओढलं की आणखी रुततं."

"कोण बोलतंय?"

"मी यांची बहीण."

"आणि कुलूपवाले कुठे गेले?"

"ते भांडतायत. तुम्ही खाली बसा बघू."

"कशावर बसू?"

"आहे त्यावरच बसा. आणि काहीतरी बोलत राहा, म्हणजे दाराकडे लक्ष जाणार नाही."

"काय बोलू?"

"भाषण करा. सवय आहे ना तुम्हाला."

आतून साहेबांनी घसा साफ केला, "बंधू आणि भगिनींनो" एवढं म्हणाले आणि थांबले. समोर फरशी असल्यावर त्यांना सुचेना. "तुम्हीच बोला काहीतरी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच साध्या माणसासारखा आला.

मग ताई बोलली. बोट तारेवर, कान कुलपात आणि तोंड बाजारात. कागद तिला कधीच पाठ झाला होता, पण तो तिने म्हटला नाही. तिने पालेभाजीवालीचं सांगितलं. कोथिंबिरीवर पाणी शिंपडताना जीभ ओठांवरून फिरवायची आणि शिंपडतच राहायचं, हे सांगितलं. एक पोटुशी बाई टोपली तशीच टाकून घरापर्यंत पळत गेली होती आणि परत येईस्तोवर गाईने अर्धी टोपली खाल्ली होती, तेही सांगितलं. दादा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

"साहेब, तुम्हाला आत किती वेळ झाला असेल?"

"तास तरी झालाच."

"बावीस मिनिटं झाली. त्यांना रोज दहा तास होतात. तुम्ही आत अडकलाय आणि त्या बाहेर अडकल्यात, एवढाच काय तो फरक."

मग साहेब घाईने म्हणाले, "मी शब्द देतो. आजच उघडतो तुमचं ते. दुपारीच. आधी हे उघडा."

धाकटा उड्या मारायच्या बेतात आला. "ताई, कागद सरकव खालून. पेन देतो मी. सही घे."

"घे सही, चिमे," दादाही पुटपुटला. त्याला आता शाळा नको होत्या, फक्त दार हवं होतं.

वहिनींनी तर ताईच्या कमरेचा कागद काढून तिच्या हातात दिलासुद्धा.

ताईने कागदाकडे पाहिलं. एकोणीस खेपा. दाराखाली बोटभर फट होती, कागद सहज गेला असता. पालिकेचा माणूस एवढा मऊ तिला पुन्हा जन्मात सापडणार नव्हता. मोह झाला, अगदी तोंडाला पाणी सुटावं तसा झाला. मग तिने कागदाची घडी केली आणि पाटाखाली ठेवली.

"नको," ती म्हणाली. "अडलेल्या माणसाशी आम्ही सौदा करत नाही."

"अहो, करा ना सौदा," साहेब आतून कळवळून म्हणाले. "मी कुठे नाही म्हणतोय?"

"अडकलेल्या माणसाचा शब्द आमच्यात धरत नाहीत. बाहेर या, मग बोलू."

आणखी तीन मिनिटांनी आत कुठेतरी खट् झालं, दार वीतभर मागे आलं आणि साहेब बाहेर आले. केस ओले करून नीट बसवलेले, चेहरा घामेजलेला. त्यांनी ताईला हात जोडले. मग पॅसेज ओलांडून दिवाणखान्याकडे जाता जाता, आठ-दहा पावलांत, त्यांची छाती पुढे आली, मान वर झाली आणि दारापाशी पोचेस्तोवर ते पुन्हा उमेदवार झाले होते.

"साहेब," ताई मागोमाग जात म्हणाली, "आता बाहेर आलात. आता द्या शब्द."

"तुमचं काम माझ्या लक्षात आहे," साहेब गोड हसून म्हणाले. "एकदा निवडणूक होऊ दे. उद्घाटन असं घाईत नाही करता येत, ताई. त्याचा कार्यक्रम बसवावा लागतो."

झालं. ताई पॅसेजमध्येच उभी राहिली. तिला रडू येईल असं वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हातात आलेला मासा तिने अप्पांच्या नियमापायी पाण्यात सोडला होता. उद्या कुठल्या तोंडाने बाजारात जायचं? बायकांना काय सांगायचं, आमच्या बापाचा नियम होता म्हणून तुम्ही तहानलेल्या राहा?

दिवाणखान्यात साहेबांनी परिस्थिती ताब्यात घेतली होती. अर्धा तास गायब राहिल्याबद्दल काहीतरी बोलणं भागच होतं. त्यांनी दादाच्या खांद्यावर हात टाकला.

"मंडळी, मी आत्ता स्वतः अनुभव घेऊन आलोय. या घराचं कुलूप बसलं की बसलं. आणि हे आजचं नाही. तीन वर्षांपूर्वी यांनी शाळांच्या कामासाठी आमच्या कार्यालयात नमुन्याचं एक कुलूप दिलं होतं. मी ते बाजारामागच्या नव्या इमारतीला लावून टाकलं. म्हटलं, बघू तरी. तीन वर्षं झाली, आजपर्यंत कुणाला उघडता आलेलं नाही."

बारा जणांनी टाळ्या वाजवल्या. दादाने वाजवल्या नाहीत. त्याचा रंग उडाला होता.

ताई दारात आली. "नमुना?" ती म्हणाली.

दादा रिकामे पेले गोळा करायला लागला.

"दादा, ते विकलेलं नाही? नमुन्याचं आहे?"

"चिमे, नंतर बोलू."

"नमुना दुकानाचा असतो. गिऱ्हाईक बघतं आणि परत करतं. एक किल्ली त्याला देतात, दुसरी दुकानात राहते. अप्पांच्या वेळेपासूनची पद्धत आहे." तिचा आवाज चढला नव्हता, पण दातांच्या डॉक्टरांनी पेला खाली ठेवला. "किल्ली तुझ्याकडे होती, दादा? तीन वर्षं?"

दादाने साहेबांकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं, आणि कुणाकडेच बघवेना तेव्हा जमिनीकडे पाहिलं. "मला वाटलं, शाळांचं काम हाती आलं की परत मागेन. आधी मागितलं तर साहेबांना राग यायचा."

"मी एकोणीस वेळा गेले कार्यालयात. दर वेळी तू जिन्यात मला विचारायचास, काय झालं गं."

"हो."

"आणि मी सांगायचे."

"हो, चिमे. सांगायचीस."

साहेबांना यातलं निम्मंच कळलं होतं, पण वारा फिरलाय हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. "अहो, घरगुती गोष्ट दिसतेय, आपण नंतर बसू. शाळांचंही बोलायचंय," ते म्हणाले.

वहिनी ट्रे घेऊन मधेच उभ्या होत्या. "अहो," त्या दादाला म्हणाल्या, "तुम्ही मालक आहात ना? मग बोला की काहीतरी. का कुलूप तुमचं आणि तोंड त्यांचं?"

एवढं वहिनी चारचौघांत तीस वर्षांत बोलल्या नव्हत्या. दादाने खांद्यावरचा साहेबांचा हात हळूच बाजूला केला, एखादी महागाची वस्तू जागेवर ठेवावी तसा.

"साहेब, इमारत तुमची. त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण कुलूप माझं आहे. मी ते आज परत नेतोय."

"शाळांचं काय मग?" डायरीवाल्याने विचारलं.

शंभर शाळा होत्या त्या. शंभर शाळा म्हणजे एकेका शाळेची वीस दारं. "शाळांना कुलपं लावा कुणाचीही," तो म्हणाला. "पोरांना ती आवडत नाहीतच." आणि तो जिना उतरला.

बाजार उठायला अजून दोन तास होते. दादा किल्ली घेऊन पुढे, मागे ताई, तिच्या मागे वहिनी, आणि सगळ्यांत मागे धाकटा, जो आपण फक्त बघायला आलोय असं वाटेत भेटेल त्याला सांगत होता. स्वच्छतागृहापाशी पोचेपर्यंत पन्नासेक बायका गोळा झाल्या. दादाने कुलूप उलटं करून मागचा नमुन्याचा ठसा सगळ्यांना दाखवला, कुणी विचारलं नव्हतं तरी. मग किल्ली घातली. किल्ली फिरेना. तीन वर्षांच्या पावसाने कुलूप आतून गंजलं होतं. तो झटला, तेल घातलं, पुन्हा झटला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

दादा बाजूला झाला. "उघड," तो म्हणाला. "मालक सांगतोय. उघड, चिमे."

ताईला चार मिनिटं लागायची ती आज गंजापायी सहा लागली. कुलूप सुटलं तेव्हा ते तिने दादाच्या हातात दिलं आणि दादाने ते खिशात घातलं. ताईचा राग गेला नव्हता, आणखी दोन-चार दिवस तो जाणारही नव्हता. पण तिला इतकं हलकं वाटत होतं की रागाला बसायला जागाच उरली नव्हती.

पहिली कोण, यावर वाद झाला नाही. पालेभाजीवाली दोनच दिवसांपूर्वी दवाखान्यातून सुटली होती. बायकांनी तिला पुढे ढकललं. ती आत गेली, दार लोटलं आणि लगेच डोकं बाहेर काढलं.

"अहो, आतून कडीच नाहीये."

सगळ्यांनी वाकून पाहिलं. खरंच नव्हती. फरशी, नळ, आरसा, सगळं होतं. बाहेर कुलूप लावायला कोयंडासुद्धा होता. आतून लावायचं मात्र बांधणाऱ्याला सुचलंच नव्हतं.

"धाकट्या," दादा म्हणाला, "तुझ्याकडची एक कडी घेऊन ये. तो तुझा दाबाचा खटका नको. साधी. तूच बसव, तुझा हात बारीक कामाला बरा आहे."

धाकटा तोंड उघडं टाकून बघत राहिला आणि मग पळत सुटला.

"तोवर मी कशी जाऊ?" पालेभाजीवालीने विचारलं.

"तुम्ही जा आत," दादा म्हणाला. "मी धरतो दार."

आणि तो दाराकडे पाठ करून उभा राहिला, हात मागे, मुठीत दाराचा कोयंडा, नजर समोरच्या कोबीच्या ढिगावर. साठीला आलेला, इस्त्रीच्या सदऱ्यातला, पाटीवरचा पुत्र. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. ताईही हसली, मग तिचे डोळे भरून आले आणि ते तिने सरळ पदराने पुसले, कुणापासून लपवलं नाही.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. साहेब उतरले, डायरीवाला उतरला, एक फोटोवाला उतरला, आणि डायरीवाल्याच्या हातात लाल फीत आणि कात्री होती. साडेबाराचा कार्यक्रम रद्द झाला असावा.

"वा, वा," साहेब लांबूनच म्हणाले. "आज उघडतो म्हणालो होतो ना मी? तुम्ही जरा बाजूला व्हा, फीत बांधून घेऊ. दोन मिनिटांचं काम."

दादा हलला नाही. सकाळपासून ज्याच्यापुढे त्याची पाठ सरळ झाली नव्हती, त्याच्यासमोर तो ताठ उभा होता, अर्थात हात मागे असल्यामुळे दुसरं काही शक्यही नव्हतं.

"थांबावं लागेल, साहेब. आत माणूस आहे."

"किती वेळ लागेल?"

"ते आम्ही विचारत नाही."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. साहेब उन्हात उभे राहिले. दादाने मान मागे वळवली आणि बंद दाराला म्हणाला, "बाई, सावकाश होऊ द्या तुमचं. मी आहे इथेच."